कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

परभणी जिल्ह्यात जुन्या पद्मिन्या आता रस्त्यावर फारशा दिसत नाहीत. असल्याच तर त्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याच्या गंजीला टेकून उभ्या असतात, नाहीतर वाड्याच्या ढेलजेत, अंगावर गोणपाट घेऊन. कुणी डॉक्टरकीच्या कमाईतून घेतलेली, कुणी मोंढ्यातल्या अडतीच्या. ज्यांनी हौसेनं घेतली ते राहिले नाहीत, मुलं पुण्याला गेली; गाडी विकवत नाही आणि चालवतही नाही. मग एखाद्या दिवाळीत नातवाला वाटतं, चालू करून बघू. नवी बॅटरी येते, सेल्फ मारला जातो, इंजिन दोन-चारदा खोकतं आणि गप्प होतं. बोलावलेला मिस्त्री बॉनेट उघडायच्या आत सांगून मोकळा होतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. खोलावं लागंल."

हे निदान बहुतेकदा अर्धं खरं असतं. कचरा असतोच. पण त्यातला बराचसा बाहेरून आलेला असतो: टाकीतून, पाइपातून, पंपातून. म्हणून नुसता कार्बोरेटर धुऊन बसवला की गाडी दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. खरा क्रम उलटा आहे. आधी टाकीपासून पुढं पेट्रोलचा माग काढत यायचं आणि कार्बोरेटर उघडायची वेळ आलीच, तर त्याच्या कोणत्या भागात दोष आहे हे स्क्रूला हात लावायच्या आधी ओळखायचं. ते ओळखता येतं, कारण तक्रार कधी होते यावरून ती कुठं आहे हे कळतं.

थोडं गाडीबद्दल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनू लागल्या. फियाट 1100 डिलाइट 1964 पासून आली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झालं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि इंजिनाच्या डोक्यावर एकाच घशाचा कार्बोरेटर. उत्पादन 2000 च्या आसपास थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला सेवेतून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. आखाड्यावरच्या तिच्या बहिणींची मात्र कुणी दखल घेतली नाही.

या गाड्यांवर सोलेक्स जातीचा कार्बोरेटर सर्रास दिसतो. अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या पोरांनी परीक्षेत ज्याची आकृती काढली, तोच. पण इतक्या वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही, तेव्हा बॉडीवर कोरलेलं नाव आणि आकडे वाचूनच पुढचं काम करावं.

त्या आकृतीत पोरांना एकच यंत्र दिसतं. खरं तर एका बॉडीत चार-पाच छोटे कार्बोरेटर असतात. मूळ तत्त्व सोपं: इंजिन हवा ओढतं, हवा घशातल्या अरुंद जागेतून जाताना वेग घेते, तिथं दाब उतरतो आणि त्या कमी दाबाकडं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं. पण इंजिन हळू फिरत असताना थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. घशातून हवा नावापुरती जाते, मुख्य जेटमधून काहीच येत नाही. त्या अवस्थेसाठी वेगळी वाट आहे. आयडलचा छोटा जेट, त्याच्या सोबतीचं हवेचं भोक, आणि चकतीच्या खाली उघडणारं छिद्र, ज्याच्यावर मिश्रणाचा स्क्रू बसतो. चकती जराशी उघडली की तिच्या काठाशी असलेली आणखी एक-दोन सूक्ष्म छिद्रं कामाला लागतात. आयडल आणि मुख्य जेट यांच्यामधलं अंतर ती भरून काढतात. पाय एकदम दाबला तर हवा लगेच धावते, पेट्रोल मागं राहतं. ती उणीव भरायला एक्सलेटर पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. थंड इंजिनासाठी चोक असतो. आणि या सगळ्यांना पेट्रोल पुरवतो खालचा वाडगा, ज्यात फ्लोट तरंगतो आणि वर आला की निडलनं पेट्रोलची वाट बंद करतो.

आता यातली छिद्रं किती मोठी? जेटवर कोरलेला आकडा बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. 120 म्हणजे 1.20 मिलिमीटर. हा झाला मुख्य जेट. आयडलचा याच्या निम्म्याहून कमी असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाच्या कडेनं पापुद्र्याएवढा थर बसला तरी त्याचा चांगला मोठा हिस्सा बुजतो. म्हणूनच बंद गाडीत पहिली तक्रार आयडलची असते आणि मुख्य जेट शेवटपर्यंत तग धरतो.

थर येतो कुठून? पेट्रोल हा एक द्रव नाही, अनेक हलक्या-जड घटकांचं मिश्रण आहे. हलके घटक, ज्यांच्यावर थंड इंजिन पेट घेतं, ते आधी उडून जातात. परभणीच्या मे महिन्यात पारा 43-44 च्या घरात जातो. पत्र्याच्या शेडखाली वाडग्यातलं पेट्रोल काही आठवड्यांत आटतं. उरलेल्या जड घटकांतल्या काहींची हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ बनतो आणि वाळला की रोगण होतं. अशा गाडीचा वाडगा उघडल्यावर आधी वास येतो: पेट्रोलचा नव्हे, जुन्या रंगाच्या डब्याचा, आंबूस, डोक्यात जाणारा. तळाशी मधाच्या रंगाचा कडक थर, नखानं खरवडला तर पापुद्रे निघतात. एखाद्या कोपऱ्यात पांढरी भुकटी असते. ती पाण्यानं जस्तमिश्रित धातू खाल्ल्याची खूण. पितळेच्या जेटच्या तोंडाशी हिरवट कड. फ्लोटची निडल जागेवर चिकटलेली. इतकं स्पष्ट दिसलं की साफ करणाऱ्याला समाधान वाटतं, आणि तिथंच तो थांबतो.

तर, उघडण्याआधी.

पहिली गोष्ट, गाडी ढकलून शेडच्या बाहेर, कडब्यापासून लांब, मोकळ्या जागेत आणा. वाळूची बादली जवळ ठेवा आणि बिडीवाल्यांना बांधाच्या पलीकडं बसवा. ही औपचारिक सूचना नाही. पुढचं अर्धं काम उघड्या पेट्रोलशी आहे.

मग एअर क्लीनर काढून आत बघा. उंदरांना कापसाची सरकी, चिंध्या, पोत्याचे धागे घेऊन तिथं घर करायला फार आवडतं. कुंभारमाशी मातीची घरटी करते ती नेमकी बारीक नळ्यांच्या तोंडाशी. हे न बघता सेल्फ मारला तर सगळा माल इंजिनाच्या पोटात जातो.

डिपस्टिक काढून तेलाची पातळी बघा आणि वासही घ्या. तेल खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजिन फिरवूच नका. पंपाचा डायफ्राम फाटला, की पेट्रोल थेट तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. निडल अडकली असेल तर कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली. पातळ झालेलं तेल बेअरिंगला आधार देत नाही. अशा तेलावर सुरू केलेली गाडी पाच मिनिटं चालेलही, आणि त्या पाच मिनिटांची किंमत कार्बोरेटरच्या किटपेक्षा कितीतरी जास्त असते. तेल बदलायचंच आहे असं धरून चाला. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर राहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी टॉप गिअरमध्ये घालून गाडी हातानं पुढं-मागं ढकला. इंजिन मोकळं फिरलं पाहिजे.

त्यानंतर करंट. मिस्त्री लोक ज्याला कार्बोरेटरचा दोष म्हणतात त्यातला मोठा वाटा डिस्ट्रिब्युटरमध्ये निघतो, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. पॉईंट वर्षानुवर्षं तसेच राहिले की त्यांच्यावर ऑक्साइडची पुटं चढतात. बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग कागदाच्या कोऱ्या पट्टीनं पुसा, गॅप नीट करा. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून सेल्फ मारला की ठिणगी निळसर आणि टणक हवी. पिवळी, रोडकी ठिणगी दिसली तर कंडेन्सर, कॉइल, पॉईंट यांचंच काम आधी संपवा. मात्र ही तपासणी पेट्रोलच्या कामाच्या आधी, प्लगच्या भोकांपासून दूर धरून करायची.

आता पेट्रोल. टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर सावलीत ठेवा. ताजं पेट्रोल स्वच्छ असतं; शिळं चहासारखं दिसतं आणि वासानंच ओळखू येतं. तळाशी वेगळा थर साचला तर ते पाणी, किंवा पाणी प्यायलेलं इथेनॉल. तांबूस गाळ म्हणजे टाकीचा गंज. जुनं पेट्रोल "थोडं नवं घालून चालेल" या मोहात पडू नका, पूर्ण काढा. ते बांधावर, नाल्यात, विहिरीजवळ ओतायचं नाही, एवढं तरी शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागू नये. टाकी गंजली असेल तर उतरवून आतून धुवावी लागते आणि त्याला पर्याय नाही. वेल्डरकडं नेण्याची वेळ आली तर रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते.

टाकी मागं आणि पंप पुढं इंजिनावर. म्हणजे अख्ख्या गाडीच्या लांबीचा पाइप हा ओढणारा पाइप आहे. त्यातला रबराचा तुकडा तडकला तर पेट्रोल गळत नाही, हवा आत घुसते. खाली ओल नाही म्हणून पाइप चांगला, असं समजू नये. पंप दुधात पाणी घातल्यासारखा अर्धं पेट्रोल, अर्धी हवा पुढं पाठवतो, वाडगा भरत नाही, आणि बोल कार्बोरेटरला लागतो. जुनं रबर सगळं बदलून टाका. मीटरभर पाइपासाठी विचार करत बसण्यासारखं ते काम नाही. घेताना पेट्रोलसाठीचाच, इथेनॉल चालेल असा पाइप मागा. फवारणी पंपाचा पाइप दिसायला सारखा असला तरी पेट्रोलमध्ये फुगतो.

पंपाची परीक्षा सोपी आहे. कार्बोरेटरकडं जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरा, कॉइलची इग्निशनकडून येणारी वायर काढून ठेवा म्हणजे कुठंही ठिणगी उडणार नाही, आणि सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्यानं, जोरात पडलं पाहिजे. नुसतं पाझरत असेल किंवा बुडबुडे येत असतील तर दोष पंपात किंवा त्याच्या मागं. नेमका कुठं? पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा पाइप काढून त्या जागी दुसरा छोटा पाइप लावा आणि तो पंपाच्या खालच्या पातळीवर ठेवलेल्या ताज्या पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा. आता धार चांगली आली तर पंप निर्दोष, टाकी आणि लाइन दोषी. तरीही रडत असेल तर पंपाचा डायफ्राम किंवा व्हॉल्व्ह. संशयाची वाट अशी मधोमध कापत गेलं की तासाभरात गुन्हेगार सापडतो.

काही जण घाईत कार्बोरेटरच्या घशात थेट पेट्रोल ओततात. परिणाम झटपट दिसतो, हे खरं. इंजिनानं उलटी ठिणगी मारली तर भुवया, हात आणि बॉनेट एकदमच जातात, हेही खरं. कॅनची युक्ती असताना त्याची गरज नाही.

आणखी एक फसवा दोष टाकीच्या झाकणात असतो. पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. झाकणाचं बारीक छिद्र मातीनं बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो. गाडी पाच-सात किलोमीटर झकास जाते, मग श्वास कोंडल्यासारखी बंद पडते, आणि दहा मिनिटं झाडाखाली थांबलं की काही न झाल्यासारखी सुरू होते. या एका लक्षणावर कित्येक कार्बोरेटर विनाकारण खोलले गेलेत. बंद पडल्या क्षणी झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला तर निदान झालं.

इथवर सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर. आणि आताही आधी ऐकायचं.

थंड इंजिन सुरूच होत नाही, प्लग कोरडे: चोक किंवा रिकामा वाडगा. इथं सोलेक्सची एक खोड माहीत हवी. त्यातल्या अनेकांत घशावर झाकणारी चोकची पट्टी नसते. बाजूला एक छोटा स्टार्टर असतो, भोकं असलेली चकती फिरवून उघडणारा. तो थ्रॉटलच्या खालच्या ओढीवर चालतो. म्हणजे चोक ओढून सेल्फ मारताना एक्सलेटर दाबून धरला, की ओढ संपली आणि चोकही निकामी. "पाय देत राहा, पाय देत राहा" असं बाजूनं ओरडणारे सगळे हितचिंतक या गाडीच्या बाबतीत चुकतात. पाय उचलून सेल्फ मारायचा.

चोकवर सुरू होते, चोक आत ढकलला की मरते: आयडलचा जेट बुजलाय, किंवा कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय. दोन्हींची फारकत करायला तेलाची कुपी पुरे. गाडी कशीबशी चालू ठेवून कार्बोरेटरच्या पायथ्याच्या पॅकिंगवर आणि थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांशी इंजिन ऑइलचे थेंब सोडा. क्षणभर आवाज बदलला, सुधारला, तर तिथून हवा जातेय. लोक हे पेट्रोल किंवा स्प्रे मारून करतात. गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे, तेल तेच काम करतं.

आयडल छान, पण हळूच पाय दिला की मध्येच एक गचका आणि मग उचलते: चकतीच्या काठाची ती सूक्ष्म छिद्रं. एकदम पाय दिल्यावर घशातून ठसका येतो: एक्सलेटर पंप. हा दोष डोळ्यांनी दिसतो. इंजिन बंद, एअर क्लीनर काढलेला, बॅटरीच्या उजेडात घशात बघत थ्रॉटल हातानं झटकन उघडा. सुईसारख्या नळीतून पेट्रोलची सरळ, सलग धार घशाच्या मध्याकडं उडाली पाहिजे, थ्रॉटल हलल्याच्या त्याच क्षणी. धार उशिरा आली, नुसता थेंब लोंबकळला किंवा वाकडी जाऊन भिंतीवर आदळली, तर पंपाचा डायफ्राम आखडलाय, आतली छोटी गोळी चिकटलीय किंवा नळी बुजलीय. वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला डायफ्राम पुठ्ठ्यासारखा कडक होतो. त्याला तेल लावून जिवंत करता येत नाही, नवाच लागतो.

गावात बरी चालते, रस्त्यावर वेग घेतला की दम तोडते: मुख्य जेट किंवा कमी पडणारा पुरवठा. इथं बरेच जण गोंधळतात. जेट अर्धा बुजला असेल तर पाय पूर्ण दिल्याबरोबर दम जातो, आणि प्रत्येक वेळी तसाच जातो. पुरवठा कमी असेल तर आधी वाडग्यातलं शिल्लक पेट्रोल वापरलं जातं. थोडा वेळ जोर राहतो, मग संपतो, वेग कमी केला की पुन्हा भरतो. याच वेळी चोक किंचित ओढून बघावा. गाडी सावरली तर पेट्रोल कमी पडत होतं. आणखी बिघडली तर ते आधीच जास्त आहे.

पेट्रोल ओसंडतंय, काळा धूर, प्लग काजळलेले: निडल किंवा फ्लोट. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो बुडतोय. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे निघतात. मात्र डाग द्यायच्या आधी आतलं पेट्रोल पूर्ण उडू द्यायला हवं, आणि डागाचं वजन जास्त झालं तर फ्लोट खोल तरंगतो व पातळी वाढते. मला विचाराल तर फ्लोट नवा मिळाला तर डागत बसू नये.

आता उघडायचं. पांढऱ्या कापडावर, मोठ्या परातीत; कारण सोलेक्सच्या छोट्या गोळ्या आणि वॉशर परभणीच्या काळ्या मातीत पडल्या की त्या गेल्या. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. जेट ज्या भोकातून निघाला त्याच्याशेजारीच ठेवायचा. हवेचा आणि पेट्रोलचा जेट दिसायला भाऊ-भाऊ असतात आणि अदलाबदल झाली तर पुढचे आठ दिवस डोकं फिरतं. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत किती वळसे जातो हे मोजून लिहून ठेवा. जोर करून आवळू नका, टोकाला खाच पडते आणि मग आयडल कधीच नीट बसत नाही.

सफाईला कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा. सुई नको, पिन नको, स्टीलची तार तर मुळीच नको. पितळ मऊ असतं, 0.50 चं भोक 0.55 झालं तर क्षेत्रफळ पाचव्या हिश्श्यानं वाढतं आणि पेट्रोलचा खर्चही त्या प्रमाणात. हटवादी डिंक असेल तर रात्रभर क्लीनरमध्ये भिजवा. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे, तेव्हा कॉस्टिक सोडा, आम्ल किंवा घरातली तांब्या-पितळेची चिंच, काहीही लावू नका. वेगवेगळ्या वाटांतून हवा मारताना ती पलीकडून कुठल्या छिद्रातून बाहेर येते हे बोटावर तपासा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष या पायरीकडं होतं: जेट चकचकीत होतात आणि बॉडीच्या आतली वाट तशीच तुंबलेली राहते.

बसवण्याआधी कार्बोरेटरचा पायथा सपाट काचेवर ठेवून डुलतो का बघा. आधीच्या कुणी पाना जास्त आवळला असेल तर कान वाकलेले असतात. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सावकाश घासला की सपाट होतात. थ्रॉटलचा दांडा बोटानं हलवा. खडखड वाजला तर बुश टाकल्याशिवाय उरलेली सगळी मेहनत वाया. सोलेक्समध्ये पेट्रोलची पातळी बहुधा निडलखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते, म्हणून किटमधला जाड वॉशर डोळे मिटून टाकू नये, जुन्याशी ताडून बघावा. किट आणि सुटे भाग परभणीत मिळाले तर नशीब. नाहीतर मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं किंवा कुर्ल्याचा जुना बाजार. ही गाडी कुर्ल्यातच जन्मली.

गाडी सुरू झाली, गरम झाली, चोक पूर्ण आत. मिश्रणाचा स्क्रू दीड वळसा बाहेर ठेवून सुरुवात करा. इंजिन सर्वात वेगानं आणि सलग फिरेल तिथवर फिरवा, मग थ्रॉटलच्या स्क्रूनं वेग उतरवा, मग पुन्हा पहिला. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर त्याचा अर्थ आयडलची वाट अजून बंद आहे किंवा चकती इतकी उघडी आहे की इंजिन दुसऱ्याच वाटेवर चालतंय.

मग रस्ता. मानवत-पाथरीकडचा सपाट रस्ता सलग वेगासाठी आणि जिंतूरवरून येलदरीकडची चढण जोरासाठी. दोन्हींत गाडी वेगळं बोलते. परत आल्यावर प्लग काढून बघा. खापरी रंग हवा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकं म्हणजे कमी.

पांढुरकं दिसण्याची शक्यता हल्ली वाढलीय. 2025 पासून पंपावर येणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ज्यातलं काही मराठवाड्याच्या उसाचंही असेल. पेट्रोलला वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. जेट साध्या पेट्रोलसाठी कापलेला, त्यातून तेवढाच द्रव जाणार; म्हणून मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम चालतं, आयडल थोडं बेचैन राहतं. स्क्रूनं आयडलचं भागतं. चढावर फुत्कार टाकत असेल तर मुख्य जेट एक आकडा मोठा टाकावा लागतो. जुनी रबरं मऊ होऊन तुटतात ती वेगळीच.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी बंद करून चहा पिऊन आलात आणि ती सुरू होईना, तर लगेच पाना काढू नका. थांबलेल्या इंजिनाची उष्णता वर चढते, वाडग्यातलं पेट्रोल उकळून खाली उतरतं, किंवा पंपात वाफ अडकते. पहिल्या प्रकारात चोकला हात न लावता एक्सलेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे जास्तीचं पेट्रोल उडून जातं. दुसऱ्यात पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबायचं. ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती आहे आणि भौतिकशास्त्राला धरून आहे.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण मग ती रोजच्या वापरासाठी नाही. पन्नाशीच्या आतली असेल तर आरसी आणि फिटनेसचं नूतनीकरण करून घ्यायचं, हे रस्त्यावर न्यायच्या आधीचं काम.

पुन्हा उभी करायची असेल तर पंपाचा ओढणारा पाइप सोडा, इंजिन चालू ठेवा आणि वाडगा कोरडा होऊन ते आपोआप बंद पडू द्या. टाकी भरून ठेवावी की रिकामी, यावर वाद आहेत. भरलेल्या टाकीत गंज कमी लागतो, पण इथेनॉलचं पेट्रोल पावसाळ्यात ओल पितं. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर भरून ठेवा. सहा महिन्यांच्या वर जाणार असेल तर पूर्ण काढा, टाकी वाळवा, आतून तेलाचा हलका हात फिरवा, आणि एअर क्लीनरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.